रूममेटच्या गोळ्या

प्रश्न : मॅडम, मी बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. दिवाळीनंतर खोलीत नवीन मुलगी आली. गेल्या आठवड्यात चार्जर शोधताना तिचं कपाट उघडलं, तर आत लिथियमच्या गोळ्या, म्हणजे मानसिक आजारावरचं औषध. चौथ्या सेमिस्टरला फार्माकॉलॉजीत शिकलेलं, लगेच ओळखलं. मुलगी शांत आहे, अभ्यासू आहे. मागे पाळीत तिचं पोट फार दुखत होतं, तेव्हा मीच माझ्या डब्यातल्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या तिला दोन दिवस दिल्या होत्या. पण आता मला रात्री झोप लागत नाही. तिला झटका आला तर? मैत्रिणी म्हणतात, वॉर्डनला सांगून खोली बदलून घे. फार्मसीची विद्यार्थिनी असून असं वाटतं, याची लाजही वाटते. काय करू?
— एक विद्यार्थिनी, सांगली जिल्हा

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा पाळीच्या वाक्यावर अडले. तू घाबरलीस ती तिच्याकडून तुला काही होईल म्हणून. प्रत्यक्षात धोका गेला तो तुझ्या डब्यातून तिच्याकडे.

लिथियम शरीराबाहेर टाकतं ते मूत्रपिंड. मेफेनॅमिक अ‍ॅसिड, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या वेदनाशामकांनी ते काम मंदावतं आणि रक्तातलं लिथियम चढतं. उपचारासाठी साधारण 0.6 ते 1.2 मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर लागतं, आणि 1.5 च्या पुढे गेलं की हात थरथरणं, उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणं सुरू होतं. एवढी अरुंद वाट. उन्हाळ्यात घाम जाऊन पाणी कमी पडलं तरी वाट सुटते. दोन दिवसांत बहुधा काही बिघडलं नसेल, पण दर महिन्याला हेच व्हायला नको. पोटदुखीवर काय घ्यायचं, हे तिनं तिच्या डॉक्टरांना विचारावं. बहुतेक पॅरासिटामॉल सांगतील. आणि हे ऐकून घाबरून तिनं लिथियम मात्र आपल्या मनानं बंद करायचं नाही.

तिनं तुझी गोळी मुकाट्यानं का घेतली असेल? कदाचित तिला माहीतच नसेल. किंवा माहीत असेल, पण ‘मला ही चालत नाही’ म्हटलं की ‘का गं?’ आलंच.

‘झटका’ म्हणजे नक्की काय, हे तू लिहिलं नाहीस. फिट? संताप? लिथियम बायपोलरमध्ये, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणाऱ्या आजारात देतात, तसं नैराश्याच्या औषधांना जोड म्हणूनही देतात. तेव्हा पाकिटावरून निदान करू नकोस. बायपोलरमधला उन्माद बहुतेकदा काही दिवसांत चढत जातो. झोप कमी होते, बोलणं धावायला लागतं, पैसे उधळले जातात. शेजारच्या कॉटवर झोपणारीला हे सगळ्यांत आधी दिसेल. तू तिच्या उपयोगाची आहेस ती इथे.

लाजेचं म्हणशील, तर माझं ऐक. 1986 साली आमच्या कॉलेजची सहल एका मनोरुग्णालयात गेली होती. परतताना बसमध्ये पोरं रुग्णांच्या नकला करत होती. मीही केली. चांगली जमली, म्हणून मला पुन्हा करायला लावली. आम्हा सगळ्यांना क्लोरप्रोमाझिनची, म्हणजे त्याच रुग्णांना देतात त्या औषधाची, रचना फळ्यावर काढता येत होती.

पुढे दवाखान्याच्या औषधखिडकीत बसायला लागले. एक गृहस्थ दर महिन्याला लिथियम न्यायचे. मी गोळ्या कागदात गुंडाळायची, आवाज खाली आणून ‘जेवणानंतर’ म्हणायची. मला वाटे, मी त्यांचा मान राखतेय. एकदा ते म्हणाले, ‘‘बाई, शेजारच्यांना डायबेटिसच्या गोळ्या देताना तुम्ही चांगल्या खणखणीत बोललात.’’ मागे रांग होती. मला काही सुचलं नाही. पुढच्या महिन्यापासून त्यांना मोठ्यानं विचारायला लागले : पाणी नीट पिताय ना? रक्त तपासलं? थायरॉइडची चाचणी झाली?

खोलीचं आता. वॉर्डन कारण विचारणार आणि रात्रीच्या जेवणापर्यंत ते मेसभर होणार. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. तू अजून रजिस्टर्ड फार्मासिस्ट नाहीस, पण दोन वर्षांत होशील. मैत्रिणींना सांगून बसली आहेसच. आता त्यांची तोंडं बंद करणंही तुझ्याकडेच लागलं.

तिच्याशी बोल. निदान विचारू नकोस, सहानुभूतीचं भाषण देऊ नकोस. ‘मी तुला दिलेल्या गोळ्या तुझ्या औषधाबरोबर चालत नाहीत, माझी चूक झाली,’ एवढं सरळ सांग. ती विचारेल, तुला कसं कळलं? तेव्हा चार्जरचं आणि कपाटाचंही सांगावं लागेल. ती चिडली, तर ते उन्मादाचं लक्षण समजू नकोस.