कास्ट आयर्न बुलेटचं टायमिंग घरी लावताना आधी काय तपासावं?

तुम्ही विचारलंय की जुन्या, पॉइंटवाल्या (म्हणजे उघडझाप करणाऱ्या संपर्कांनी ठिणगी पाडणाऱ्या) बुलेट ३५० चं टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याची वेळ, घरी कसं लावायचं. गाडी कधी एका किकमध्ये सुरू होते, कधी किक उलटी मारते, आणि खंबाटकीच्या चढावर तापून ओढ सोडते. मेकॅनिकने दोनदा कानाने टायमिंग लावूनही फरक नाही.

माझ्याकडेही हेच इंजिन आहे, म्हणून ठामपणे सांगतो: डिस्ट्रिब्युटरला (पॉइंट ज्यात बसतात तो डबा; तो फिरवूनच टायमिंग बदलतं) इतक्यात हात लावू नका. टायमिंग नुसतं चुकलं असतं तर गाडीने रोज एकसारखाच त्रास दिला असता. कधी बरी, कधी वाईट म्हटल्यावर माझा पहिला संशय ऑटो अ‍ॅडव्हान्सच्या वजनांवर; इंजिनचा वेग वाढला की ही वजनं पसरून ठिणगी आपोआप लवकर पाडतात, म्हणजे अ‍ॅडव्हान्स करतात. ती पॉइंटच्या प्लेटमागे असतात. गाडी बंद असताना कॅम (पॉइंट उघडणारा फिरता उंचवटा) बोटांनी त्याच्या फिरण्याच्या दिशेने पिळून सोडा. स्प्रिंगने तो चटकन मागे आला पाहिजे. रेंगाळला किंवा अडकला, तर वजनं अ‍ॅडव्हान्समध्येच राहतात आणि पुढची किक पायावर उलटते. अशा वेळी कानाने टायमिंग मागे घेतलं की किक सुधारते, पण वजनं मोकळी होतात त्या दिवशी इग्निशन उशिरा पडतं. मग जाळ एक्झॉस्टपर्यंत जळत राहतो, हेड आणि सायलेन्सरचा पाइप भाजून निघतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ही उष्णता पोटात घ्यायला पाणी नसतं. वजनांच्या पिना साफ करा, थेंबभर तेल द्या, स्प्रिंग ढिली असेल तर बदला.

मग पॉइंटचा गॅप, ०.३५ ते ०.४० मिमी. हा टायमिंगच्या आधीच लावायचा, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, कमी झाला की उशिरा. पॉइंटची फायबरची टाच झिजते तसं टायमिंग आपोआप मागे सरकत जातं. पॉइंटवर खड्डा पडला असेल तर फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) खोटं माप दाखवतं. आधी घासून सपाट करा, नाहीतर नवे टाका.

आता टायमिंग. मेन स्टँडवर गाडी, चौथा गिअर, प्लग काढलेला. मागचं चाक पुढे फिरवत प्लगच्या भोकावर बोट धरा. हवा बोट ढकलते तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. ३५० ला पॉइंट उघडायचे ते पिस्टन वरच्या टोकापासून ०.८ मिमी खाली असताना, वजनं पूर्ण मागे असताना. क्रँकवर हे साडेनऊ-दहा अंशांच्या आसपास येतं. वरच्या टोकाजवळ पिस्टन जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे ‘अंदाजे वर’ म्हणण्यातच काही अंशांची चूक होते. त्यात प्लगचं भोक तिरकं, म्हणून आत घातलेल्या काडीवरचं माप घाईने खरं मानू नका; काडी दर वेळी त्याच कोनात धरा. चाक थोडं मागे नेऊन पुन्हा पुढे आणत मोजा, म्हणजे गिअरमधली ढिलाई निघून जाते.

पॉइंट उघडल्याचा क्षण हेडलाइटवरचा अ‍ॅम्प मीटर दाखवतो. दिवे बंद, चावी चालू. पॉइंट मिटलेले असताना काटा उणेकडे झुकलेला असतो, उघडले की मध्यावर येतो. काटा हलला तेव्हा पिस्टन ०.८ वर नसेल तर डिस्ट्रिब्युटर सैल करून केसभर फिरवा: कॅमच्या दिशेने नेलं की रिटार्ड (ठिणगी उशिरा), उलट नेलं की अ‍ॅडव्हान्स. पॉइंट मिटलेले असताना चावी फार वेळ चालू ठेवू नका, कॉइल तापते.

यानंतर त्याच चढावर, इंजिन पूर्ण तापलेलं असताना, तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल द्या. टिणटिण असा धातूचा आवाज आला तर लगेच थ्रॉटल कमी करा आणि घरी येऊन किंचित रिटार्ड करा, नाहीतर पिस्टनची वाट लागेल. आवाज नाही, पण ओढही नाही, तर किंचित अ‍ॅडव्हान्स. किक उलटायला लागली की तिथून मागे या.