गाठ झपाट्यानं वाढली, म्हणजे कॅन्सरच ना?

"तीन आठवड्यांत हरभऱ्याची सुपारी झाली, मॅडम. एवढी झपाट्यानं वाढतेय म्हणजे कॅन्सरच ना?"

तो 29 वर्षांचा. भर उन्हाळ्यात शर्टाची बाही मनगटापर्यंत खाली, आणि बोलताना अंगठा सारखा बाहीवरून त्या गाठीवर. बायोप्सीच्या रिपोर्टात ‘सार्कोमाची शक्यता नाकारता येत नाही’ असं होतं. सार्कोमा म्हणजे स्नायू, चरबी, हाडं अशा ठिकाणी होणारा कॅन्सर. घरी फक्त थोरल्या भावाला माहीत. ठरलेलं लग्न मोडायचं का, हे विचारायला तो आला होता.

‘काही होणार नाही’ असं मी म्हटलं नाही. ते मी कुणालाच म्हणत नाही. उद्या खोटं ठरलं तर माणूस पुन्हा माझ्यापाशी मन मोकळं करत नाही. एवढंच म्हटलं, "लग्नाचं दुसरा रिपोर्ट येईपर्यंत राहू द्या." डॉक्टरांनी ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, आणि स्लाइड्स अशा गाठींचा खास अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवल्याच होत्या.

रिपोर्ट आला: नोड्युलर फॅसायटिस. कॅन्सर नाही.

त्याचा चेहरा मात्र सैल झाला नाही. "आधी एक, आता दुसरंच. खरं कुठलं मानू?"

हा प्रश्न मला फार वेळा ऐकावा लागतो, आणि तो रास्तच आहे. त्याला घेऊन मी पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडे गेले. त्यांनी सांगितलं, ही गाठ आहेच फसवी. 1955 साली तिचं पहिलं वर्णन झालं तेव्हा तिच्या नावातच ‘सार्कोमाचा भास’ होता. पेशी भराभर वाढतात म्हणून संशय येतो, पण त्यांचं विभाजन कॅन्सरसारखं वेडंवाकडं नसतं. बहुधा तरुणपणी, हातावर येते, दोन-तीन सेंटिमीटरवर थांबते, कधी आपोआप विरतेही. अशा बहुतेक गाठींत यूएसपी6 जनुकात बदल सापडतो. त्याच्या ब्लॉकमध्येही तो सापडला होता.

"म्हणजे पहिले डॉक्टर चुकले?"

नाही. त्यांनी शंका लिहिली, म्हणून तर स्लाइड्स पुढे गेल्या आणि नको ते मोठं ऑपरेशन टळलं. नुसतं चाचपून ही गाठ आणि सार्कोमा वेगळे सांगता येत नाहीत. म्हणून वाढती गाठ दाखवायलाच हवी, तिचं नाव घरी बसून ठरवू नये.

वाट पाहिली तरी चालेल, असं सर्जन म्हणाले होते. त्याला झोप लागेना, म्हणून काढून टाकली. ती सहसा परत येत नाही हे पटूनही बोट टाक्यांच्या व्रणावर जायचंच. मग आम्ही दिवस ठरवला: महिन्यातून एकदाच, पगाराच्या दिवशी तपासायचं. मधेच हात गेला की भाऊ विचारतो, "पगार झाला का रे?"