भूमिकेची पुण्याई, नटाची कमाई
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटांविषयी, विशेषतः त्यांतील अभिनयाविषयी, मोकळेपणाने लिहावे असे आवाहन आम्ही गेल्या अंकात वाचकांना केले होते. नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा सूर 'घरात यावरून वाद झाला, आता निकाल द्या' असा आहे. निकाल देण्याचा अधिकार आम्हांला नाही. मत मात्र आहे, आणि ते आडपडदा न ठेवता पुढे देत आहोत. लांबलेली पत्रे संक्षेपाने छापली आहेत.

प्रश्न : आम्ही सहकुटुंब 'दशावतार' पाहिला. दिलीप प्रभावळकर यांनी या वयात एवढे कष्ट घेतले, त्याचेच सर्वत्र कौतुक चालले आहे, बाकी अर्धे काम रंगभूषेने आणि वेशभूषेने केले आहे, असे माझे यजमान म्हणतात. मला ते पटत नाही, पण मुद्देसूद उत्तरही देता येत नाही. (एक वाचक भगिनी, गंगापूर रोड)

उत्तर : यजमानांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण हिशेब अपुरा आहे. कोणत्याही गाजलेल्या कामात काही भाग भूमिकेची पुण्याई असतो आणि काही नटाची कमाई. प्रभावळकरांनी साकारलेला बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी कलावंत आहे, त्याची नजर अधू होत चालली आहे, आणि मुलाने विनवले तरी रंगमंच त्याच्याने सुटत नाही. एवढे लेखकाने लिहून दिले की प्रेक्षकाचे मन निम्मे जिंकलेलेच असते. ही सहानुभूती नटाच्या खात्यावर मांडू नये, हे आम्हांला मान्य आहे. प्रभावळकरांचा जन्म १९४४चा आहे, म्हणजे हे काम त्यांनी ऐंशीच्या घरात केले. ती गोष्ट आदराची आहे, परंतु आदर म्हणजे अभिनयाचे मूल्यमापन नव्हे.

आता रंगभूषेविषयी. कोकणातील दशावतारी नट आपली रंगभूषा स्वतःच्या हाताने करतो. खेळाची संहिता लिहिलेली नसते. कथानक तेवढे ठरलेले असते आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतो. त्यामुळे तोंडाला रंग लावणे हा बाबुलीच्या बाबतीत बाहेरून चढवलेला साज नाही, ते त्याचे रोजचे काम आहे, आणि ते करणारे हात सरावाचे वाटतात की नाही हे पाहणे म्हणजे अभिनयच पाहणे होय. सोंग चढल्यावर त्याची मान आणि खांदे ज्या रीतीने ताठ होतात आणि घरात वावरताना तेच खांदे ज्या रीतीने उतरतात, तो फरक कोणतीही वेशभूषा करून देत नाही. शिवाय 'चौकट राजा'मधील नंदू आठवा. तो चित्रपट १९९१चा आहे, आणि तेथे आडोसा घ्यायला ना दाढी होती ना मुकुट, तरीही प्रौढ देहातले लहान मूल आपल्याला पहिल्याच प्रसंगात दिसले होते. 'दशावतार'च्या उत्तरार्धात सूडकथेला वेग येतो तेव्हा मात्र सोंगे मोठी होतात आणि माणूस त्यांच्या मागे जातो, असे आम्हांला वाटले. तेवढ्या भागापुरते यजमानांना बरोबर म्हणायला हरकत नाही.

प्रश्न : 'नटसम्राट' हे नाटक मी डॉ. श्रीराम लागू यांच्या उमेदीच्या काळात पाहिले आहे. परवा नातवाने त्यावरचा चित्रपट घरी लावला, आणि नाना पाटेकर मला सारखे ओरडतात असेच वाटत राहिले. नातवाला मात्र लागूंचे जुने ध्वनिमुद्रण संथ वाटते. आमच्यापैकी कोणाचे चुकते? (एक ज्येष्ठ वाचक, पंचवटी)

उत्तर : नाटककार तात्यासाहेब शिरवाडकरांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या, गावात या नाटकाविषयी लिहायचे म्हणजे लेखणी जपून चालवावी लागते. 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७०चा. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे आणि निर्मिती दि गोवा हिंदू असोसिएशनची. महेश मांजरेकर यांचा चित्रपट प्रदर्शित झाला तो १ जानेवारी २०१६ रोजी. या दोन तारखांमध्ये मराठी प्रेक्षकाचा कानच बदलला आहे, हे आधी लक्षात घ्यावे.

आपल्या कालिदास कलामंदिरात शेवटच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकाला नटाचे डोळे दिसत नाहीत. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो आवाज. म्हणून रंगभूमीवरचा नट आवाजाने रेखाटतो. लागूंची कमाई आमच्या मते त्यांच्या श्वासात होती. शिरवाडकरांची लांबच लांब, काव्याकडे झुकणारी वाक्ये ते मध्ये न तोडता पेलून धरत आणि अर्थ जेथे वळतो नेमके तेथेच थांबत. नुसते ध्वनिमुद्रण ऐकले तर हे थांबणे आजच्या कानाला संथ वाटते, कारण त्या क्षणी रंगमंचावर उभा असलेला देह ध्वनिमुद्रणात नसतो. नातवाला दोष देऊ नये.

कॅमेरा मात्र नटापासून हातभर अंतरावर असतो, त्यामुळे तेथे आवाज खाली यायला हवा, ही तुमची अपेक्षा योग्य आहे. पण 'नटसम्राट'चा नायक गणपतराव बेलवलकर हा घरातही रंगमंच न विसरलेला माणूस आहे. सुनेशी बोलतानाही त्याच्यासमोर अदृश्य प्रेक्षागृह असते, आणि त्याच्या शोकांतिकेचा निम्मा भाग त्यातच आहे. तेव्हा नानांचा चढा स्वर सगळाच त्यांच्या माथी मारता येणार नाही. खरी परीक्षा करायची असेल तर घर मागणारे स्वगत बाजूला ठेवावे, कारण त्या स्वगताला स्वतःचीच एवढी पुण्याई आहे की ते कोणाही बऱ्या नटाला तारून नेते. त्याऐवजी पत्नी कावेरीसोबतचे, म्हणजे मेधा मांजरेकर यांच्याबरोबरचे, लहान प्रसंग पाहावेत. समोर जिवाभावाचे एकच माणूस असताना हा नट गप्प कसा बसतो, हे तेथे दिसते, आणि ती जागा नानांनी हळुवार राखली आहे. उलट मोठ्या भाषणांमध्ये वाक्य मध्येच तोडायचे आणि मग एकदम खालच्या पट्टीत यायचे ही त्यांची नेहमीची लकब डोके वर काढते, आणि त्या वेळी गणपतराव दिसेनासे होऊन नाना दिसू लागतात. तुम्ही ज्याला ओरडणे म्हणता ते बहुधा हेच असावे.

जाता जाता एक सांगायला हवे. या चित्रपटातले सर्वांत नेमके काम आमच्या मते विक्रम गोखले यांचे आहे. अखेरीस अंथरुणाला खिळलेल्या मित्राच्या भूमिकेत त्यांच्यापाशी आवाज आणि नजर एवढीच सामग्री उरते, आणि ती ते अतिशय काटकसरीने वापरतात.

प्रश्न : 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'मध्ये बाहेरच्या नटांनी आमच्या गावची माणसे उभी केली आहेत. ती जमली का? (एक वाचक, मालेगाव)

उत्तर : बोलीपुरता आमच्यापेक्षा तुमचाच कान तिखट असणार. काही संवादांना मालेगावपेक्षा मुंबईचा वास येतो, असे आम्हांलाही वाटले. या नटांपुढची अडचण वेगळी होती. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात गावात हौसेने चित्रपट काढणारे खरे नासिर शेख आणि त्यांच्या चित्रपटाचे नायक खरे शफीक आपण पाहिले आहेत, आणि असा पुरावा हाताशी असला की नट नकलेकडे घसरतो. आदर्श गौरव यांनी नासिरची नक्कल टाळली, ते बरे केले. यंत्रमागावर राबणारा, पडद्यावर सुपरमॅन होणारा शफीक शशांक अरोरा यांनी उभा केला आहे. त्यात करुणा मागण्याचा मोह प्रत्येक पावलावर होता, पण त्यांनी तो लाजरेपणावर निभावून नेला. विनीत कुमार सिंह यांच्या लेखकाला संवादांची साथ अधिक आहे. टाळ्याही त्यालाच अधिक मिळतात, आणि त्या कोणाच्या खात्यावर मांडायच्या हे वर आलेच आहे.

प्रश्न : सनडान्समध्ये पुरस्कार मिळाला म्हणून आम्ही मित्रांनी 'साबर बोंडं' पाहिला. विषयाबद्दल आदर आहे, पण त्यातले नट काहीच करत नाहीत. नुसते बसतात, चालतात, हळू बोलतात. याला अभिनय का म्हणायचे? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सिडको)

उत्तर : प्रश्न धीट आहे आणि प्रामाणिकही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. रोहन कानवडे यांच्या या चित्रपटाला २०२५च्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तो मिळाला म्हणून चित्रपट आवडलाच पाहिजे असे मुळीच नाही.

वडिलांच्या निधनानंतर मुंबईहून गावी आलेला आनंद दहा दिवसांचे सुतक पाळतो आहे. घर नातेवाइकांनी भरलेले आहे. जो येतो तो त्याच्या लग्नाचा विषय काढतो, आणि लग्न का नाही याचे खरे उत्तर त्याला चारचौघांत देता येत नाही. अशा माणसाने काय 'करावे' अशी तुमची अपेक्षा आहे? आपल्याकडे दहाव्यापर्यंत घरात बसलेल्या मुलाला मोठ्याने बोलण्याचीही सोय नसते. आनंदचे काम करणारे भूषण मनोज हे उत्तर टाळताना खोटेही बोलत नाहीत आणि खरेही बोलत नाहीत. प्रश्न आला की त्यांची नजर किंचित खाली जाते, उत्तर जेवढ्यास तेवढे येते, आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहणे त्यांच्या बसण्यातून कळते. आनंदचा जिवलग बालमित्र बाल्या झालेले सूरज सुमन समोर आले की हेच शरीर सैलावते. हा फरक संवादांत लिहिलेला नाही.

दुसरी बाब तंत्राची आहे. एरवी आपण ज्याला प्रभावी अभिनय म्हणतो, त्यातला मोठा वाटा पार्श्वसंगीताचा आणि संकलनाचा असतो. डोळ्यांत पाणी कधी आणायचे हे व्हायोलिन सांगते, आणि नटाचा फसलेला क्षण संकलक कात्रीने वाचवतो. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही आणि कॅमेरा बराच वेळ एका जागी स्थिर आहे, त्यामुळे नटाला लपायला जागाच उरत नाही. जयश्री जगताप यांची आई पाहा. मुलाविषयी सारे ठाऊक असलेली ही बाई नातेवाइकांसमोर त्याला सांभाळून घेते, आणि ते करताना आपण काही विशेष करतो आहोत असा भाव चेहऱ्यावर येऊ देत नाही.

तुमची तक्रार एका जागी आम्हांला पटते. संयम सलग एकाच पट्टीत राहिला की तोही एकसुरी होतो, आणि मध्यंतराच्या आसपास तसे झाले आहे. संयम आणि एकसुरीपणा यांतला भेद पाहायचा असेल तर चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मधील गीतांजली कुलकर्णी यांचे काम पाहावे. न्यायालयात कायद्याची कलमे कंटाळवाण्या सुरात वाचणारी ही सरकारी वकील लोकलमध्ये सहप्रवासिनीशी घरगुती गप्पा मारते, घरी जाऊन स्वयंपाकाला लागते, आणि या सगळ्यात तिचा आवाज फारसा बदलत नाही. तरीही तिच्या कोरडेपणामागे द्वेष नाही, दिवसभराचे काम उरकण्याची सवय आहे, हे आपल्याला उमगते आणि अस्वस्थ करते.

प्रश्न : आमच्या महिला मंडळात 'जारण'वर चर्चा झाली. अनिता दाते नाशिकच्या म्हणून आम्ही त्यांना झुकते माप दिले, असा आरोप एका सभासद भगिनीने केला. (नाशिकरोड)

उत्तर : झुकते माप खुशाल द्यावे, पण तसे जाहीर करून द्यावे. 'मी वसंतराव'मध्ये त्यांनी साकारलेली सोशिक, ताठ आई आणि 'जारण'मधली गंगुटी शेजारी शेजारी ठेवल्या, तर गावकीचा आधार न घेताही त्यांची बाजू मांडता येईल. मुख्य भार मात्र अमृता सुभाष यांच्या राधावर आहे, आणि भीती व भ्रम यांच्यामधली रेघ त्या शेवटपर्यंत पुसट ठेवतात. चर्चेत त्यांचा उल्लेख ओझरता झाल्याचे तुमच्या पत्रावरून दिसते. तो खरा अन्याय.

प्रश्न : शाळेत दादासाहेब फाळके यांच्या मूकपटांचे अंश दाखवले, तेव्हा मुले हसली. त्या काळच्या अभिनयाला आजचे निकष लावावेत का? (एक शिक्षक, त्र्यंबकेश्वर)

उत्तर : फाळक्यांच्या जन्मगावातून हा प्रश्न यावा, हे उचितच झाले. मुले हसली तर हसू द्यावीत. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले, आणि १९१७च्या 'लंका दहन'मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांच्याच होत्या, हे सांगितले की ती आणखी हसतील आणि मग प्रश्न विचारू लागतील. दाखवायचाच असेल तर १९१९चा 'कालिया मर्दन' दाखवावा. तो नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीचा. त्यात कृष्ण झाली आहे फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. कथा सुरू होण्यापूर्वी ती साध्या वेशात कॅमेऱ्यासमोर येते आणि चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखवते, त्यानंतर ती कृष्णाच्या वेशात दिसते. म्हणजे या मुलीची कमाई कोणती आणि कृष्णाच्या मुकुटाची पुण्याई कोणती, हे फाळक्यांनी प्रेक्षकाला आधीच वेगळे करून दाखवले आहे. संवाद, संगीत, रंग यांपैकी काहीही हाताशी नसताना हात आणि भुवया मोठ्या हलणारच. त्या मोठेपणातही ती मुलगी खेळकर वाटते की पढवलेली, एवढेच मुलांना विचारावे.

प्रश्न : दाक्षिणात्य चित्रपट आम्ही हिंदी डबिंगमध्ये पाहतो. त्यावरून नटाविषयी मत देणे योग्य आहे का? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : देहबोलीपुरते द्यावे, आवाजापुरते देऊ नये. आवाज दुसऱ्याचा असतो, आणि ओठांच्या हालचालीत शब्द बसवण्याच्या धडपडीत मूळचे विराम हरवतात. उसन्या आवाजातही नटाला कमाई करता येते, हे मात्र विसरू नये. 'कट्यार काळजात घुसली' या चित्रपटात खाँसाहेबांचे गाणे राहुल देशपांडे यांच्या गळ्यातले आहे, पण तान घेण्यापूर्वीचा श्वास, मानेची शीर आणि समेवर येतानाची नजर सचिन पिळगांवकर यांची आहे. डबिंगमध्ये पाहिलेल्या चित्रपटाविषयी पत्र पाठवताना कोणत्या भाषेत पाहिला, याचा उल्लेख अवश्य करावा.