नाव, धंदा आणि सोनेरी अक्षरं

प्रश्न : जुन्या सामानात दाढीचा चिनी मातीचा मग मिळाला. सोनेरी अक्षरांत एका अमेरिकन माणसाचं नाव, खाली घोडागाडीचं चित्र. खरा जुना असेल का?

उत्तर : धंद्याचे मग म्हणतात ते हे, माझ्या फार जिव्हाळ्याचे! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या सलूनमध्ये नेहमीच्या गिऱ्हाइकाचा मग फळीवर वेगळा ठेवत. कोरे मग फ्रान्समधल्या लिमोजहून किंवा जर्मनीहून यायचे, नाव आणि धंद्याचं चित्र अमेरिकेतले कारागीर हाताने रंगवायचे. खाटकाला बैल, रेल्वेवाल्याला इंजिन. पुढे जिलेटचा सेफ्टी रेझर आला (पेटंट १९०४), लोक घरीच दाढी करू लागले आणि फळ्या रिकाम्या झाल्या.

नुसत्या फुलांच्या मगापेक्षा धंद्याच्या मगाला संग्राहक कितीतरी जास्त मोजतात, म्हणून नकलाही त्यांच्याच निघतात. भिंगातून चित्र पाहा. ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील. ब्रशचे फटकारे दिसले तरी हुरळू नका. जुन्या कोऱ्या मगावर आज चित्र काढून विकणारे आहेतच. सोनं कानापाशी, बोटं लागतात तिथे झिजलेलं हवं. बुडावरचा लिमोजचा शिक्का फक्त मग कुठे घडला ते सांगतो, चित्र कधीचं ते नाही. आणि कृपा करून सोन्यावर घासणी फिरवू नका.