आधी जर्मन, मग जर्मनी

अनेक आशीर्वाद.

तुझी एक्सेल शीट पाहिली. एका बाजूला पुणे, दुसऱ्या बाजूला जर्मनी. पगार, कर, घरभाडं, कर्जाचा हप्ता, आई-बाबांचं वय, ‘लग्नाच्या बाजारातली किंमत’ (ही ओळ नक्की तुझी की ताईची?), आणि तळाशी दोन्हीकडची बेरीज जवळजवळ सारखी. मग प्रश्न: मावशी, जर्मनीला शिकायला जाऊ की नको? अरे, एवढ्या ओळींत जर्मन भाषेची ओळ कुठे आहे? मी वरपासून खालपर्यंत शोधली.

एजंट म्हणतो, कोर्स इंग्रजीत आहे, जर्मन तिकडे गेल्यावर आपोआप येते. आपोआप येते ती सर्दी. तो ज्या खासगी विद्यापीठाचं नाव घेतोय तिथून त्याला कमिशन मिळत असणार, म्हणून सरकारी विद्यापीठांबद्दल त्याने तोंड उघडलं नाही. सरकारीत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाही. आमच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या मुलांना 2017 पासून एका सेमिस्टरला 1,500 युरो पडतात, तरीही तुझ्या एजंटच्या आकड्यापुढे ते किरकोळ. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते असं खातं) वर्षाचे 11,904 युरो दाखवायचे, ते निराळेच. बाबांचं घर तारण ठेवायच्या गोष्टी चालल्यात आणि भाषेच्या क्लासला मात्र ‘वेळ मिळत नाही’!

इंग्रजीवर काहीच भागत नाही असं मी म्हणत नाही. बर्लिनच्या स्टार्टअपमध्ये, आयटीत भागतं. पण नोकरी म्हणजे दिवसातले आठ तास. घर घेतल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा, मग टपालाच्या पेटीत कागद पडू लागतात: करक्रमांक, आरोग्यविमा, रेडिओ-टीव्हीचे महिन्याला 18.36 युरो, टीव्ही असो वा नसो. सगळं जर्मनमध्ये. मोबाइल ते पत्र वाचून देईल, पण डॉक्टरकडची बाई फोनवर ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणाली, तर तिच्याशी हुज्जत मोबाइल घालणार आहे का? आणि तू मेकॅनिकलवाला. 2024 पासून इथल्या वाहन उद्योगात नोकरकपातीच्याच बातम्या आहेत. अशा वेळी इंग्रजीवर तगलेला माणूस आधी अडचणीत येतो, कारण त्याला दुसरीकडे अर्ज करायला जागाच थोड्या.

आमच्या इमारतीतली गोष्ट ऐक. इकडे जिना झाडण्या-पुसण्याची आठवड्याची पाळी असते, केअरवोखे म्हणतात. पाळी आली की दारावर पाटी लटकते. वरच्या मजल्यावर आपल्याकडचा एक मुलगा राहायला आला, हुशार, चांगल्या पगाराचा. पाटी लटकली, त्याला वाटलं जाहिरात असेल. तळमजल्यावरच्या आजींनी त्याला जिन्यात गाठलं आणि इथल्या स्वेबियन बोलीत भराभरा काहीतरी सांगितलं. हा ‘सॉरी, इंग्लिश?’ म्हणाला. आजींनी आवाज वाढवून तेच पुन्हा सांगितलं. मी पिशव्या घेऊन वर येत होते, म्हणून कळलं तरी. बादली आणि फरशी पुसायचं फडकं तळघरात डाव्या हाताला ठेवलंय, नवीन विकत आणू नकोस, एवढंच त्यांना सांगायचं होतं. तोवर त्याने मनात ‘म्हातारी रेसिस्ट आहे’ असं नोंदवूनही टाकलं होतं. रेसिस्ट माणसं इथे आहेत बरं का, मलाही भेटली आहेत. पण कोण आपला अपमान करतंय आणि कोण बादलीबद्दल बोलतंय, एवढं तरी कळायला नको? म्हणून म्हणते, आधी जर्मन.

मी नवऱ्यामागे आले. त्याच्या ऑफिसात सगळं इंग्रजीत, त्यामुळे त्याचं काही अडलं नाही आणि भाषा आजतागायत आली नाही. मी फोल्क्सहोखशूलेच्या, म्हणजे मोठ्या माणसांसाठीच्या शिक्षणकेंद्राच्या, संध्याकाळच्या वर्गाला जायचे. दुकानात समोरचा इंग्रजीवर उतरला तरी मी माझ्या मोडक्या जर्मनवरून हलायचे नाही. लोक वैतागायचे. वैतागू देत! त्याच हट्टावर प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. आता मंडळाच्या गणपतीत मला बोल लावणाऱ्या बायका आहेत, की हिच्या मुलीला मराठी वाचता येत नाही. नाही येत. बोलते, तेही अडखळत. घरी मी तिच्याशी जर्मनच बोलले, कारण मला सराव हवा होता. याचं वाईट वाटतं का? वाटतं, तिच्या आजोबांची पत्रं तिला वाचून दाखवावी लागली तेव्हा फार वाटलं. पण चौथीनंतर मुलांनी कुठल्या शाळेत जायचं याची शिफारस इथे शिक्षक करतात. माझ्या पोरीला खालच्या शाळेत पाठवायचं घाटत होतं, तेव्हा मी बाईंसमोर बसून तासभर भांडले. इंग्रजीत भांडता आलं नसतं. त्या बायकांना हे कोण सांगणार?

जाऊ दे. तुझ्या लग्नाचाच पत्ता नाही आणि मी तुझ्या पोरांच्या शाळेपर्यंत पोचले.

तुला हिशेबच हवा ना? घे. पुढेमागे ब्लू कार्डवर (शिकलेल्या परदेशी लोकांचा कामाचा परवाना) नोकरी लागली, तर कायम वास्तव्याचा परवाना बी-वन, म्हणजे जर्मनची तिसरी पायरी, असेल तर 21 महिन्यांनी मिळतो आणि नुसत्या ए-वनवर, म्हणजे पहिल्या पायरीवर, 27 महिन्यांनी. नागरिकत्वाला पाच वर्षं आणि पुन्हा बी-वनच. (तेव्हा भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो, जर्मनीची हरकत नसली तरी आपली आहे. ते रडणं त्या वेळी रड.)

राजीनामा देऊ नकोस. जर्मन शिकायला बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. चाकणहून यायला ट्रॅफिक आहे हे मला सांगू नकोस, ऑनलाइन बॅचही असतात. बी-वनच्या परीक्षेचे चार भाग: वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. प्रत्येकात शंभरपैकी साठ हवेत. डेअर-डी-दास (शब्दाचं लिंग दाखवणारे शब्द) चुकलं तरी नापास करत नाहीत, तोंड उघडलं नाही तर करतात. आणि ही भाषा तोंडात घ्यायचाच कंटाळा आला, वर्गाला दांड्या मारू लागलास, तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला पुण्यातच मिळालं, तेही घर तारण न ठेवता. मग खुशाल चाकणला राहा. त्यात मला तरी काही कमीपणा दिसत नाही.

बी-वनचा निकाल हातात आला की फोन कर, मग विद्यापीठांची यादी आपण दोघं बसून करू. तोपर्यंत एजंटला टोकन वगैरे काही देऊ नकोस. दिलं नाहीस ना अजून?

तुझी,
मावशी