रोजच्या बारीकसारीक गोष्टींनी डोकं फिरतं आणि रात्री काळज्या सुरू होतात, शांत कसं राहायचं?

तुम्ही लिहिलंय की मोठी अडचण आली तर निभावून नेता पण छोट्या छोट्या गोष्टींनी चिडचिड होते आणि अंथरुणावर पडलं की डोक्यात काळज्या फिरायला लागतात. मी बरीच वर्षं हेच भोगलंय म्हणून लिहिते.

आधी एक सांगते, चिडचिड आणि काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण दोन्हीला टेन्शन म्हणतो आणि दोन्हीवर एकच औषध शोधत बसतो. चिडचिड आत्ता समोर जे चाललंय त्याची असते आणि ती आधी अंगात चढते. काळजी जे अजून झालेलंच नाही त्याची असते.

चिडचिडीचं माझंच उदाहरण देते. दोन तास बसून ऑनलाइन फॉर्म भरला आणि शेवटच्या पानावर पेज रिफ्रेश होऊन सगळं कोरं झालं. नेमकी तेव्हाच मुलगी वही घेऊन काहीतरी दाखवायला आली आणि मी तिच्यावर अशी खेकसले की ती तशीच मागे फिरली. नंतर विचारलं काय दाखवत होतीस, तर म्हणाली काही नाही. ते "काही नाही" मला अजून टोचतं.

अशा वेळी किडनीच्या वर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रेनलिन नावाचं हार्मोन सोडतात, छातीत धडधडतं, जबडा आणि खांदे आवळले जातात, म्हणजे शरीर भांडायला नाहीतर पळायला तयार होतं, पण फॉर्मशी भांडणार कसं, मग जे माणूस जवळ असतं त्याच्यावर निघतं. म्हणून त्या क्षणी मनाला समजावण्यात अर्थ नाही, आधी अंग उतरू द्यायचं. श्वास घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात आणि सोडताना कमी होतात, हे व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे होतं, त्यामुळे भर श्वास सोडण्यावर द्यायचा. मी चार आकडे मोजत घेते आणि सात-आठ मोजत सोडते, दोन-तीन मिनिटं, आणि खांदे मुद्दाम खाली सोडते. पहिले काही दिवस काहीच होत नाहीये असं वाटेल, तरी करत राहा.

आणि राग बाहेर काढला की मोकळं वाटतं हे मला तरी पटत नाही. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने 2002 मध्ये 600 विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग उलट वाढलेला निघाला, नुसते शांत बसून राहिलेल्यांचा त्यांच्यापेक्षा कमी होता. याचा अर्थ राग गिळा असा नाही हं. आता मी मुलीला सरळ सांगते, आई आत्ता चिडलीये, तुझ्यावर नाही, पाच मिनिटं थांब. ती थांबते.

काळजीला मात्र श्वासाने तेवढ्यापुरतंच बरं वाटतं, तिला वेळ ठरवून द्यावी लागते. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये हे मांडलं होतं, रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी अर्धा तास काळजीसाठी ठेवायचा आणि बाकी दिवसभर ती तेव्हावर ढकलायची. माझी वेळ संध्याकाळी सहाची आहे, झोपायच्या जवळची वेळ अजिबात घेऊ नका. वही घेऊन बसते, एकेक काळजी लिहिते आणि पुढे लिहिते की उद्या यात मी नेमकं काय करू शकते, फोन करायचाय, कागद शोधायचाय, जे असेल ते. काहीच करण्यासारखं नसेल तर तसंही लिहिते. रात्री काही आठवलं तर उशाशी चिठ्ठी असते, एक ओळ खरडायची आणि उद्या सहाला बघू म्हणायचं. मन लगेच ऐकत नाही, मला तीन-चार आठवडे लागले, पण दुपारी पोटात गोळा आणणारी गोष्ट सहा वाजता लिहायला घेतली की बऱ्याचदा दोन ओळींतच संपते.

झोप कमी झाली की सगळंच जास्त टोचतं, तेवढं सांभाळा.

आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, छाती धडधडत राहते असं असेल तर एकट्याने ओढत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. मी काही महिने समुपदेशकाकडे जात होते, ही सहाची वही मला तिथेच मिळाली.