कंपोस्ट टीला गटाराचा वास का मारतो?

प्रश्न : सहकारनगरला आमच्या गच्चीवर पन्नासेक कुंड्या आहेत. व्हिडीओ बघून घरीच कंपोस्ट टीचं (खत पाण्यात घालून, पंपाने हवा सोडत झाडांसाठी करतात ते पाणी) युनिट केलं, रंगाची वीस लिटरची बादली, फिश टँकचा छोटा पंप, एक एअर स्टोन (बारीक बुडबुडे सोडणारा दगड), दोन किलो गांडूळखत आणि पाव किलो गूळ. बुधवारी रात्री लावलं, गुरुवारी दुपारी तीनेक तास लाईट नव्हती पण आल्यावर पंप आपोआप सुरू झाला आणि फेसही मस्त आला होता. शुक्रवारी सकाळी झाकण काढलं तर गटारासारखा वास! सासूबाई म्हणाल्या, आता खालचे लोक भांडायला वर येणार. खत फुकट घालवायचं जिवावर येतंय, पाणी मिसळून झाडांना घालू का?

उत्तर : नका घालू ताई. वास आला म्हणजे हवा संपली आणि बिनहवेचे जंतू माजले, ते पाणी घालून सुधारत नाहीत. कंपोस्टच्या ड्रममध्ये सुक्या पाल्यावर थोडं थोडं ओता, तिथे जिरेल.

आता चुकलं कुठे, तर सगळ्यात आधी गूळ. पाव किलो म्हणजे जंतूंची पंगतच झाली की! गूळ खाऊन ते भराभर वाढतात आणि तितकाच ऑक्सिजन ओढतात, तुमच्या एका दगडाला तो पुरवणं शक्यच नाही. पंधरा लिटर पाण्याला एक-दोन चमचे काकवी बास, नसेल तर तेवढाच गूळ विरघळवून. खत अर्धा किलो, जुन्या पंच्यात सैल बांधून. आणि पंप मिनिटाला निदान पाच-सहा लिटर हवा देणारा हवा, बुडबुडे नुसते वर येऊन उपयोग नाही, अख्खं पाणी उकळल्यासारखं ढवळलं गेलं पाहिजे. फेसावर जाऊ नका, गूळ जास्त झाला तरी फेस येतोच.

दुसरं म्हणजे गुरुवार. पुण्यात राहून बुधवारी रात्री कोण लावतं हो! लाईटची कामं गुरुवारी, पाणी बंद तेही बहुतेक गुरुवारीच. भरात आलेल्या बादलीला तीन तास हवा नाही म्हणजे खेळ खलास. शनिवारी लावा, रविवारी काढा. पंपही बादलीच्या वर ठेवा किंवा नळीत पाणी उलटं येऊ न देणारा छोटा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह टाका. माझा पंप खाली फरशीवर होता, लाईट गेली आणि बादलीतलं पाणी नळीतून उलटं पंपात, सकाळी तो उचलला तर आतून चहा गळत होता.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून आधी नुसत्या पाण्यात पंप रात्रभर चालवा, मग खत सोडा. चोवीस तासांनी नाक लावून बघायचं, पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास हवा. छत्तीस तासांच्या पुढे ओढू नका. आणि एप्रिल-मे मध्ये गच्चीत तर नकोच, पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, बादली बाथरूममध्ये घ्या. पंप बंद केल्यावर तीन-चार तासांत वापरून टाकायचं, बाटलीत भरून ठेवायची वस्तू नाही ही. दगड आणि नळी लगेच घासा, आत बुळबुळीत थर बसला की पुढची बादलीही नासते.

खरं सांगू का, कंपोस्ट टीचा फायदा सगळीकडे सारखा दिसत नाही, मूळचं खत चांगलं असेल तर नुसतं खत कुंडीत घातलं तरी बरंच काम होतं. पण करून बघायची हौस असेल तर जरूर करा.

प्रश्न : हेच पाणी कोथिंबीर-पालकावर फवारलं तर चालेल का?

उत्तर : नाही. खतात शेण असलं तर त्यातले पोटाचे जंतूही गुळावर वाढू शकतात आणि कोथिंबीर आपण कच्चीच खातो. जास्वंद, गुलाब, मोगरा यांच्या मातीत घाला, पालेभाजीला साधं खत पुरे.